जीपीएल की एमआयटी: मोकळीक नेमकी कुणाला हवी?

कोड तयार आहे, सगळ्यांसाठी खुला करायचाय आणि गाडं परवान्यापाशी अडलंय. परवाना न जोडताच तो टाकून देऊ नका. तसं केलं तर कॉपीराइट पूर्ण तुमच्याकडे राहतो आणि दुसऱ्याला तो कायद्याने वापरता येत नाही.

एमआयटी आणि बीएसडी हे परवाने म्हणतात: नाव आणि परवान्याचा मजकूर ठेवा, बाकी काय हवं ते करा, बंद उत्पादनातही घाला. जीपीएलची अट वेगळी: बदललेला प्रोग्राम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा सोर्सही (माणसाला वाचता येणारा मूळ कोड) त्याच परवान्याखाली द्या. एक मोकळीक पुढच्या प्रोग्रामरला मिळते, दुसरी शेवटच्या वापरणाऱ्यापर्यंत पोचते.

लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा राउटर घ्या. त्यात जीपीएलखालची लिनक्स ही प्रणाली आहे हे लोकांनी शोधून काढलं, जीपीएलवर बोट ठेवलं आणि २००३ मध्ये कंपनीला सोर्स द्यावा लागला. त्यातूनच पुढे ओपनडब्ल्यूआरटी ही राउटरसाठीची खुली प्रणाली उभी राहिली. परवाना बीएसडी असता, तर मागायला आधारच नव्हता.

उलट बाजूला मिनिक्स. संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांची ही ऑपरेटिंग सिस्टीम बीएसडी परवान्याखाली आहे. इंटेलच्या चिप्समधल्या मॅनेजमेंट इंजिनमध्ये (मुख्य प्रोसेसरपासून वेगळा चालणारा छोटा संगणक) ती चालते, हे त्यांना २०१७ मध्ये बातम्यांतून कळलं. निदान सांगायला हवं होतं, असं त्यांनी खुल्या पत्रात लिहिलं; पण कोड वापरणाऱ्याला सर्वाधिक मोकळीक हाच परवाना देतो, हे मत बदललं नाही. हे तुम्हाला मनापासून पटत असेल, तर बीएसडी खुशाल घ्या. वाचताना पोटात कालवलं, तर जीपीएल तुमचा.

माझा कल स्पष्ट आहे: लोकांच्या हातात जाणारं पूर्ण अ‍ॅप असेल तर जीपीएल. छोटी लायब्ररी (इतर प्रोग्राममध्ये घालायचा तयार कोड) सगळीकडे रुजावी असं वाटत असेल तर एमआयटी. पेटंटची धास्ती असेल तर अपाची २.०, कारण त्यात पेटंटची परवानगी स्पष्ट लिहिलेली आहे. सर्व्हरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरला मात्र साधी जीपीएल पुरत नाही. तिथे प्रोग्राम कुणाच्या हाती दिलाच जात नाही, म्हणून सोर्स द्यायची अटही लागू होत नाही. ही फट जीपीएलचंच रूप असलेली २००७ ची एजीपीएल बुजवते.

निर्णय बाहेरचा पहिला पॅच (दुसऱ्याने पाठवलेला कोडमधला बदल) घेण्याआधी करा. नंतर परवाना बदलायचा म्हटलं, तर ज्यांचा ज्यांचा कोड आत आहे त्या सगळ्यांची संमती गोळा करत फिरावं लागतं.