रेंडर मध्येच का पडतो? गणपती ते लग्नसराई, एका एडिटिंग सॉफ्टवेअरचा अनुभव

गणपतीच्या आधी घेतलेलं व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर मार्गशीर्षातली लग्नं उरकेपर्यंत रोज वापरून झालंय, तेव्हा आता सविस्तर लिहिते. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण खालचं बरंचसं थोड्याफार फरकाने कुठल्याही एडिटिंग सॉफ्टवेअरवर होतं. माझं काम परळ-लालबागचं: मंडळांचे आगमन सोहळे, साखरपुडे, लग्नं. मशीन लॅमिंग्टन रोडवरून असेंबल करून घेतलेलं, १६ जीबी रॅम, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, विंडोज.

एडिटिंगबद्दल तक्रार नाही. कट, रंग, आवाजाची साफसफाई, सगळं झकास. रडगाणं आहे ते एक्स्पोर्टच्या बटणाचं, म्हणजे रेंडरचं: एडिट केलेल्याची तयार व्हिडिओ फाइल बनते तो टप्पा. रेंडर लावून जेवायला बसावं आणि येऊन बघावं तर पट्टी अर्ध्यावर थिजलेली, नाहीतर सॉफ्टवेअरच गायब. संदेश काय, तर रेंडर पूर्ण झाला नाही. ते तर दिसतंयच की! तिकडे कार्यकर्त्यांचे फोन सुरू: "ताई, झालं का? बाकीच्यांचे व्हिडिओ अपलोड झाले पण."

अशा वेळी सेटिंग्ज चाळत बसू नका. रेंडर पुन्हा लावा आणि दोन्ही वेळा कुठल्या टाइमकोडला (व्हिडिओतल्या वेळेला) पडला ते कागदावर लिहा. एकाच जागी पडत असेल तर दोष बहुतेक त्या जागेवरच्या क्लिपचा, इफेक्टचा किंवा फॉन्टचा. जागा दर वेळी बदलत असेल तर संशय मेमरी, ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर), उष्णता आणि पॉवर सप्लायवर. यूट्यूबवरचे 'कॅश (साठलेल्या तात्पुरत्या फाइली) उडवा, पुन्हा इन्स्टॉल करा' छाप सल्ले हा फरक न करताच दिलेले असतात, त्यामुळे लागला तर तीर.

माझ्याकडे एकाच जागी पडायचा तो जास्त करून नॉइज रिडक्शनवर, म्हणजे चित्रातले दाणे साफ करणाऱ्या इफेक्टवर. आगमन म्हणजे रात्र, गुलालाचा धुरळा, पाठीमागे मंडळाचे हॅलोजन. फुटेज दाणेदार येणारच आणि ते साफ करावंच लागतं. पण हिशोब बघा. 4के ची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, प्रत्येकाचे चार चॅनल, प्रत्येक चॅनलला ३२ बिट. झाले साधारण १३३ एमबी, एका फ्रेमचे. आजूबाजूच्या फ्रेम बघून साफ करणारा इफेक्ट अशा पाच-पाच फ्रेम एकदम कार्डावर धरतो, वर मधल्या टप्प्यांच्या प्रती वेगळ्या. त्यात रंगाचे थर आणि स्टॅबिलायझेशन (हलणारं चित्र स्थिर करणं) आलं की ८ जीबी बघता बघता भरतात. टाइमलाइनवर प्रीव्ह्यू कमी रिझोल्यूशनचा असतो म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं, आणि फुल साइझला रेंडर मान टाकतो. उपाय साधा आहे: तेवढी क्लिप आधी वेगळी साफ करून रेंडर करायची आणि ती तयार फाइल टाइमलाइनवर आणायची. रात्रीच्या फुटेजला मी आता हे आधीच करून टाकते.

दुसरं कारण मोबाइलचे व्हिडिओ. मंडळाची पोरं दहा फोनवरून शूट करून व्हॉट्सॲपवर ढकलतात. फोन फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) स्थिर ठेवत नाही, प्रकाश कमी झाला की ३० वरून खाली येतो. एडिटरला ठरावीक वेगाची सवय. मग ताशाचा ठोका आणि काठी यांची फारकत होते, आणि कधी कधी नेमक्या त्या क्लिपवर रेंडरही बसतो. हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरमध्ये 'कॉन्स्टंट फ्रेम रेट' निवडून आधी रूपांतर केलं की हा त्रास बंद. हँडब्रेक फुकट आहे. आणि पोरांना सांगा, व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर निदान डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

जागा बदलत राहिली तर इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बिघाडांची नोंदवही, उघडा. स्टार्टमध्ये नाव टाइप केलं की येतो, त्यात विंडोज लॉग्ज, मग सिस्टिम. क्रॅशच्या वेळेची नोंद शोधायची. मला तिथे ४१०१ क्रमांक दिसला: डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणं थांबवलं आणि तो सावरला. विंडोज मुळातच कार्डाला दोन सेकंद देतो. तेवढ्यात उत्तर आलं नाही की ड्रायव्हर रीसेट, आणि चालू रेंडरचा बळी. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) ही मुदत वाढवता येते, पण ते मला पटत नाही. कार्ड का अडकतंय हा प्रश्न तसाच राहतो. मी जुना ड्रायव्हर पूर्ण काढून स्टुडिओ ड्रायव्हर (एडिटिंगसारख्या कामांसाठीचा) टाकला आणि ती नोंद पुन्हा दिसली नाही. नोंद कर्नल-पॉवर ४१ असेल आणि अख्खं मशीनच रीस्टार्ट होत असेल, तर सॉफ्टवेअरला शिव्या घालू नका, पॉवर सप्लाय आणि तापमान तपासा. ऑक्टोबर हीटमध्ये, एसी नसलेल्या खोलीत, भिंतीला चिकटवलेला कॅबिनेट वीतभर पुढे ओढणं हाही इलाजच आहे.

मोठ्या कामाला आता थेट एमपी४ काढत नाही. एमपी४ची अनुक्रमणिका सहसा फाइलच्या शेवटी लिहिली जाते, त्यामुळे ९० टक्क्यांवर पडलं तरी हाती उघडणारी फाइल लागत नाही. लग्नाचे मी विधीवार तुकडे करते, हळद, सप्तपदी, रिसेप्शन. प्रत्येक तुकडा डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या, कमी दाबलेल्या फॉरमॅटमध्ये काढते आणि मग जोडून एकदाच एमपी४ करते. एक पडला तर तेवढाच पुन्हा. जागा मात्र राक्षसी लागते, चांगल्या दर्जाला फुल एचडीलाही मिनिटाला दीड जीबीच्या आसपास. आणि त्यासाठी जुना पेनड्राइव्ह वापराल तर बघून घ्या: फॅट३२ फॉरमॅटवर ४ जीबीच्या वर फाइल बसत नाही आणि रेंडर बरोबर तिथे कापला जातो.

मराठी टायटल्सचं वेगळंच. जुने युनिकोड नसलेले फॉन्ट एखाद्या जोडाक्षराचा चुराडा करतात, आणि कुठूनतरी उतरवलेला बिघडलेला फॉन्ट अख्खा रेंडर पाडतो. मुक्ता (Mukta) किंवा बालू (Baloo) वापरा, दोन्ही फुकट.

पाचपैकी साडेतीन. एडिटिंगला साडेचार दिले असते, पण कुठल्या फ्रेमवर, कुठल्या इफेक्टवर थांबलो हे क्रॅशच्या संदेशात सांगता येत नसेल तर एक तारा मी कापणारच. ६ जीबीपेक्षा कमी मेमरीचं कार्ड असेल तर 4केच्या नादी लागून हे घेऊ नका. फुल एचडीवर मात्र बिनधास्त घ्या. नवीन व्हर्जन आलंय म्हणे. लग्नाचे चालू प्रोजेक्ट हातावेगळे होईपर्यंत मी काही टाकणार नाही, कारण नव्यात एकदा उघडलेला प्रोजेक्ट जुन्यात परत उघडत नाही.