टेस्ट प्रिंटसाठी पूर्ण फाईल देऊ नका – माझा अनुभव

आपल्या फोटोंचे प्रिंट विकायला नुकतीच सुरुवात केलेल्या किंवा करायच्या विचारात असलेल्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. लिहायला दीड वर्ष लागलं. ज्यांनी मला फसवलं त्यांच्याकडून मी खरोखरच खूप शिकले होते, आणि ते कबूल केल्याशिवाय ही हकिकत नीट सांगता येत नाही.

ओळख झाली ती फीडबॅकमधून. पहाटेच्या धुक्यातल्या होडीचा माझा एक फोटो होता. बाकी सगळे ‘छान’, ‘अप्रतिम’ म्हणून पुढे गेले. या गृहस्थांनी मात्र सविस्तर लिहिलं. होडीच्या तळाशी सावली पार काळीठिक्कर झालीय, मॅट कागदावर तिथे काहीच उरणार नाही. उजवीकडची फांदी नजरेला चौकटीबाहेर ओढतेय. आणि प्रिंट काळपट येत असतील तर लॅबला दोष देऊ नकोस, तुझा मॉनिटर फार उजळ आहे. तिन्ही गोष्टी बरोबर होत्या. मी मॉनिटरचा उजेड दर चौरस मीटरला १०० कॅन्डेलाच्या आसपास आणला, कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्या कागदावर रंग कसे उमटतील ते सांगणारी फाईल) लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापील रूप पडद्यावरच, बघायला शिकले आणि पहिल्यांदाच पडद्यावरचा फोटो आणि हातातला कागद एकमेकांसारखे दिसले. हा आनंद ज्यांनी घेतलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. मी त्यांना सर म्हणायला लागले ते तेव्हापासून.

मग विक्रीचं बोलणं सुरू झालं. दहाचीच एडिशन ठेव, म्हणजे या फोटोच्या दहाच क्रमांकित प्रती काढ, असं त्यांनी सुचवलं. प्रत्येक प्रिंटसोबत द्यायच्या सर्टिफिकेटवर आकार, कागद, शाई सगळं स्पष्ट लिही, हेही त्यांनीच सांगितलं, आणि उदाहरण दिलं अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगल्स्टन यांचं. मर्यादित एडिशनच्या जुन्या फोटोंचे त्यांनी पुढे मोठ्या आकाराचे डिजिटल प्रिंट काढून विकले, म्हणून २०१२ मध्ये एका संग्राहकाने त्यांच्यावर न्यूयॉर्कमध्ये दावा लावला. आकार आणि छपाईची पद्धत वेगळी असल्याने ती एडिशनही वेगळी, असं ठरून २०१३ मध्ये तो फेटाळला गेला. ‘तेव्हा घेणाऱ्याच्या मनात शंका राहील असं काही ठेवू नकोस,’ सर म्हणाले. मी ते अक्षरशः पाळलं. ३० बाय २० इंच, सुती कागद, लवकर न उडणारी पिगमेंट शाई, दहाच प्रती, दुसऱ्या कुठल्याही आकारात हा फोटो निघणार नाही.

पहिले दोन प्रिंट मी स्वतः विकले. त्याच्या थोडं आधीच सरांनी विचारलं होतं, ‘माझ्या ओळखीची लॅब आहे, टेस्ट प्रिंट काढून देतो. फाईल पाठव. जेपेग नको, १६ बिट टिफ, पूर्ण आकाराची.’ ६००० बाय ४००० पिक्सेलची, सगळा तपशील असलेली, १४० एमबीच्या आसपासची फाईल मी त्याच रात्री पाठवली. आठवड्याने टेस्ट प्रिंट खरंच घरी आला, आणि सुंदर आला. म्हणजे फसवणुकीची पहिली पायरी ही प्रामाणिक कामाचीच होती. तो प्रिंट खिडकीशी धरून बघताना आकाशात डावीकडे वर मला एक राखाडी ठिपका दिसला. फोटो एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून काढलेला, त्यामुळे सेन्सरवरची धूळ उमटली होती. मी तो ठिपका माझ्या मूळ फाईलमध्ये पुसला आणि विसरून गेले.

नंतर त्यांनी सांगितलं की ऑफिसं आणि हॉटेलं सजवणारे लोक त्यांच्याकडे नेहमी चौकशी करतात. मी प्रिंट तिकडून इकडे, सहीसाठी परत इकडून तिकडे पाठवत बसू नये म्हणून उरलेली आठ सर्टिफिकेटं सही करून एकदमच द्यावीत. मी दिली. तीन ते दहा, आकडे घालून. कागदावर, मेसेजमध्ये, कुठेच काही ठरवून लिहिलेलं नव्हतं. पुढचं वर्षभर विचारलं की उत्तर एकच, ‘बाजार थंड आहे, अजून काही हललं नाही.’

मग एका बाईंचा मेल आला. त्यांच्याकडे माझा ५/१०, म्हणजे दहातला पाचवा प्रिंट होता आणि धुक्याचा करडा रंग वर्षाच्या आत गुलाबी पडत चालला होता. मी पिगमेंट शाई लिहिली होती ना, मग असं का, हा त्यांचा सरळ प्रश्न. मी सुन्न झाले. माझ्या हिशेबात ५/१० विकलाच गेला नव्हता. त्यांना मी एवढंच लिहिलं, आकाशात डावीकडे वर, कोपऱ्यापासून चार बोटांवर, राखाडी ठिपका दिसतो का बघाल? तासाभरात फोटो आला. काचेवर टेकवलेलं त्यांचं बोट, आणि नखाच्या टोकाशी तो ठिपका.

मी विकलेल्या दोन्ही प्रिंटवर तो नाही. तो असलेली फाईल माझ्याखेरीज एकाच माणसाकडे होती.

रिव्हर्स इमेज सर्च (फोटो देऊन तो नेटवर कुठे आहे ते शोधणं) केल्यावर आणखी एका घराच्या भिंतीवर माझी होडी सापडली, तीही ४० इंच रुंद. त्यांच्याकडच्या सर्टिफिकेटवरही ५/१०. दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या तर शेवटच्या फराट्यात शाई एकाच जागी तुटलेली. निदान एक तरी सर्टिफिकेट स्कॅन करून छापलेलं होतं. सरांना विचारलं तर आधी ‘लॅबवाल्याने जादा काढले असतील’, मग मौन, मग नंबर बंद. एका विक्रीच्या पानावरून फोटो काढायला लावता आला, तोही माझ्याकडे रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रक्रिया न केलेली) आणि त्याच पहाटेच्या पुढच्या-मागच्या फ्रेम होत्या म्हणून. नुसत्या मेटाडेटातल्या, म्हणजे फाईलच्या आत नोंदवलेल्या माहितीतल्या, नावावर विसंबू नका, ते क्षणात पुसता येतं. बाकी पैसे गेले ते गेलेच.

आता मी काय करते ते सांगते, तुम्हीही करा. फीडबॅकसाठी लांब बाजू १२०० पिक्सेलपेक्षा मोठी फाईल देत नाही. रचना, प्रकाश, रंग यांवर बोलायला ती पुरते, आणि ३०० डीपीआयने (दर इंचाला ३०० ठिपके) छापली तरी चार इंचांवर जात नाही. टेस्ट प्रिंट हवा असेल तर पूर्ण फोटो न देता त्यातला २००० बाय १६०० चा तुकडा कापून देते. २०० डीपीआयने तो १० बाय ८ इंच येतो, म्हणजे मोठ्या प्रिंटमधला तेवढाच भाग त्याच मापात दिसतो. सावलीतला तपशील, शार्पनिंग, कागदाचा पोत, सगळं त्यात कळतं. तुकडा मात्र सर्वांत अवघड जागेचा निवडा, माझ्याबाबतीत होडीचा तळ.

पूर्ण फाईल फक्त त्या लॅबला, जिला पैसे मी स्वतः देते. आणि प्रत्येकाला दिलेल्या फाईलची चौकट दोन-चार पिक्सेलने वेगळी कापते, कुणाची कुठली ते लिहून ठेवते. धुळीचा ठिपका नशिबाने राहिला होता, ही खूण मी मुद्दाम ठेवते. प्रिंट आधी माझ्या हातात येतो, मी तो उजेडात बघते, मग पांढऱ्या कडेवर पेन्सिलने सही आणि आकडा. सर्टिफिकेट त्यानंतर, घेणाऱ्याचं नाव घालून. कोरं सर्टिफिकेट सही करून देणं म्हणजे कोरा चेक देणं आहे. कुणी कितीही ज्येष्ठ असो, कितीही मायेने शिकवत असो, प्रिंट विकायला दिले की किती दिले, कुठल्या क्रमांकाचे, वाटा किती आणि न विकलेले कधी परत, हे दोघांच्या सहीने लिहून घ्या.

त्या बाईंना मी स्वखर्चाने नवा प्रिंट काढून दिला. त्यांची काही चूक नव्हती, आणि नाव माझं होतं. त्यांनी जुना परत पाठवला, तो आता माझ्याकडे पुरावा म्हणून आहे. बाहेर अशा किती प्रती फिरताहेत ते मला कधीच कळणार नाही, म्हणून तो फोटो मी पुन्हा विकणार नाही. नोंदवहीत त्याच्या पानावर एक, दोन आणि पाच या तीन ओळी भरलेल्या आहेत. बाकीच्या सात ओळींवर रेघ मारून खाली ‘एडिशन बंद’ लिहिलं आहे.