दोन हजारांच्या आतला आवाज : मूनड्रॉप चू २

दोन हजार रुपयांच्या आत कानात बसणारे आणि खरोखर चांगले वाजणारे इअरफोन मिळतात का, या प्रश्नाला आज 'हो, पण तारेचे घ्या' असे उत्तर देता येते. बिनतारी जोडीच्या किमतीत बॅटरी, ब्लूटूथची चिप, माइक आणि चार्जिंगची डबी या सगळ्यांचा वाटा असल्यामुळे एवढ्या रकमेत आवाजासाठी फारसे काही उरत नाही.

चीनमधील चेंगडू येथील मूनड्रॉप या कंपनीने २०२३ मध्ये आणलेला 'चू २' हा या गटातील माझ्या पसंतीचा इअरफोन आहे. धातूच्या छोट्या कवचात १० मिलिमीटरचा एकच डायनॅमिक ड्रायव्हर, म्हणजे पडदा हलवून आवाज काढणारा छोटा स्पीकर, बसवलेला आहे. २०२२ च्या पहिल्या 'चू'ची तार कायमची जोडलेली असल्याने ती तुटली की सगळेच निकामी होई, आता ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिनांची तार काढून दुसरी लावता येते, आणि इअरफोनमध्ये सर्वांत आधी तारच दगा देते हे लक्षात घेतले तर हा बदल आवाजातल्या कोणत्याही सुधारणेइतकाच मोलाचा आहे.

आवाजाचा तोल गाण्याच्या बाजूने झुकलेला आहे. नाट्यगीतात गायकाचा स्वर पुढे येतो, ऑर्गन त्याच्या मागे नीट उभा राहतो, आणि तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा स्वरावर न चढता ऐकू येतो. वरच्या पट्टीतील झांजा आणि 'स', 'श' ही अक्षरे मात्र काहींना टोचतील. ज्यांना ढोल-ताशाचा दणका छातीत जाणवायला हवा, त्यांनी सेव्हन हर्ट्झचा 'सालनोट्स झीरो २' पाहावा. त्याचा बेस अधिक भरीव आहे आणि प्लास्टिकचे कवचही हलके आहे.

खोक्यावरच्या आकड्यांना फार महत्त्व देऊ नये. माणसाचे कान साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकतात, तेव्हा '४० किलोहर्ट्झ' ही जाहिरात आपल्या कामाची नाही. एका कवचात किती ड्रायव्हर कोंबले आहेत यावरूनही दर्जा ठरत नाही. तो ठरतो ड्रायव्हरच्या जुळणीवर आणि रबरी टोप्या कानात किती घट्ट बसतात यावर. टोपी सैल असेल तर बेस गळून जातो आणि चांगला इअरफोनही पत्र्यासारखा वाजतो. गाणे चालू असताना इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. बेस एकदम वाढला, तर मोठ्या मापाची टोपी हवी. दोन्ही कानांना एकच माप लागेल असेही नाही. घट्ट बसलेली टोपी बाहेरचा गोंगाटही अडवते, त्यामुळे लोकलमध्ये आवाज चढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सांगितली आहे, ती पाळणेही मग सोपे जाते.

'चू २'च्या मूळ आवृत्तीला माइक नाही, म्हणून दिवसभर फोनवर बोलणाऱ्यांनी माइकची आवृत्ती निवडावी. फोनला ३.५ मिलिमीटरचे छिद्र नसेल तर टाइप-सी डोंगल, म्हणजे चार्जिंगच्या छिद्रात लावायचा छोटा जोड, लागेल, आणि त्यात डॅक चिप (डिजिटल संकेतांचे आवाजाच्या विद्युत संकेतांत रूपांतर करणारी चिप) असल्याची खात्री करावी, कारण बिनचिपचे स्वस्त डोंगल अनेक फोनवर मुळीच चालत नाहीत. पाकीट उघडल्यावर कानात घालण्याची वस्तू बरेच विक्रेते परत घेत नाहीत, तेव्हा वेगळ्या टोप्यांसाठी दोन-तीनशे रुपये आधीच बाजूला ठेवावेत.