स्लिटिंग लाइनवर फेल्ट काढून चुंबकाचा ब्रेक लावला, नऊ महिन्यांनंतर सांगतोय

मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) आमचं छोटं जॉबवर्क आहे, ॲल्युमिनियमची रुंद कॉइल आणायची आणि पार्टी सांगेल त्या साइजच्या पट्ट्या कापून द्यायच्या, यालाच स्लिटिंग म्हणतात. बडोद्यात ट्रान्सफॉर्मरवाले इतके आहेत की कामाला तोटा नाही पण त्यांचा क्वालिटीवाला कॉइल उलगडून बॅटरी मारून बघतो आणि पट्टीवर लांब ओरखडा दिसला की अख्खा लॉट परत. वर्षभर आमची भांडणं याच ओरखड्यावरून चालू होती.

ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, रोलिंगमधून येणारी कॉइल मधोमध केसभर जाड असते आणि कडांना पातळ. एका वेढ्याला काही कळत नाही पण शेकडो वेढे पडले की मधल्या पट्टीचा गोळा मोठा होतो आणि ती जास्त ओढते, कडेच्या पट्ट्या ढिल्या पडून लाइनखालच्या खड्ड्यात झोपाळ्यासारख्या लोंबतात. आता ढिली पट्टी गुंडाळली तर कॉइल उचलताना मधूनच टेलिस्कोपसारखी बाहेर येते, म्हणून गुंडाळायच्या आधी कुठेतरी तिला मागे धरून ठेवावं लागतं. आम्ही सगळ्यांसारखं तेच करत होतो, दोन लाकडी फळ्या, त्यांना फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड), मधून पट्ट्या आणि वरून एअर सिलेंडरचा दाब.

फेल्टचं दुखणं असं की ॲल्युमिनियमची काळी भुकटी आणि रोलिंगचं तेल त्यात मुरत जातं, दोन-तीन कॉइलनंतर हाताला अक्षरशः पॉलिश पेपर लागतो. आणि फळी सरळ असते, त्यामुळे मधली जाड पट्टी तिला उचलून धरते आणि कडेच्या पातळ पट्ट्यांवर दाबच येत नाही, म्हणजे ज्यांना धरायला हवं त्याच सुटतात!

तर हा नवीन डबा. वर एक ड्रम, खाली एक ड्रम, दोन्हींत पर्मनंट मॅग्नेट बसवलेले, मधल्या फटीतून पट्ट्या जातात आणि ड्रम पट्टीच्या उलट्या दिशेला जोरात फिरतात. पट्टीला काहीच लागत नाही. पहिल्या दिवशी आमचे ऑपरेटर भाई वाकून वाकून बघत होते आणि म्हणाले, "शेठ, आ तो अडतुं ज नथी!" (हे तर टेकतच नाही!) मलाही सेल्सवाल्याचं ऐकून खरं वाटलं नव्हतं, ॲल्युमिनियमला चुंबक चिकटतच नाही मग धरणार काय. घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले अरे दांडिया बाजारच्या घरातलं जुनं लाइटचं मीटर आठव, ती काच, आत फिरणारी ॲल्युमिनियमची चकती आणि तिच्या कडेला न टेकता बसलेला चुंबक, लाइट बंद केला की चकती लगेच थांबायची ती त्याच्यामुळेच. हलत्या धातूत चुंबकामुळे वीज भोवऱ्यासारखी फिरायला लागते आणि ती वीजच त्या हालचालीला अडवते. फुको नावाच्या फ्रेंच माणसाने 1855 साली हे दाखवलं होतं, म्हणजे नवीन काहीच नाही, फक्त आमच्या शेडपर्यंत पोचायला वेळ लागला.

रिझल्ट बोलायचा तर ओरखड्याची तक्रार बंद झाली, नऊ महिन्यांत त्या कारणाने एकही लॉट परत आला नाही. दुसरं म्हणजे इथे प्रत्येक पट्टी स्वतंत्र धरली जाते, शेजारची जाड आहे की पातळ त्याचा संबंध नाही, त्यामुळे कडेच्या कॉइलसुद्धा टणक येतात, वरून थाप मारली की आवाजातच कळतं. आणि 0.3 एमएम जाडीची पट्टी असो की 0.8 ची, ओढ जाडीच्या हिशोबातच लागते, सेटिंग फारसं हलवावं लागत नाही.

आता जे सेल्सवाल्याने सांगितलं नाही ते. अडवलेली सगळी ताकद उष्णता होऊन पट्टीतच जाते. लाइन पळत असली तर पट्टी पुढे निघून जाते, जेमतेम कोमट होते. पण लाइन थांबली आणि ड्रम फिरत राहिले तर तोच एक तुकडा तापत बसतो! दुसऱ्याच आठवड्यात भाईंनी चहासाठी लाइन थांबवली, ड्रम चालूच, परत येऊन बघतो तर सगळ्या पट्ट्यांवर तेल जळून तपकिरी पट्टे, तेवढा माल कापून भंगारात. लाइनचा स्पीड उतरला की ड्रमचा पण आपोआप उतरला पाहिजे ही साधी गोष्ट मशीनबरोबर यायला हवी की नको? सप्लायरने ते इंटरलॉक वेगळे पैसे घेऊन लावलं, आणि त्यासाठी जो इंजिनियर आला त्याने आधी दोन प्लेट सेव उसळ खाल्ली, मग सेन्सर विसरलो म्हणून परत गेला. नाव लिहीत नाही, पण सर्व्हिसला पाचपैकी दोनच.

लोखंडी पट्टीवाल्यांनी याच्या नादी लागू नये. ट्रान्सफॉर्मरच्या कोरचं सिलिकॉन स्टील कापणारे एक मित्र बघायला आले होते, त्यांना तिथेच नाही सांगितलं, ती पट्टी सरळ ड्रमकडेच ओढली जाणार. 304 स्टेनलेसला चुंबक ओढत नाही पण त्यातून वीज ॲल्युमिनियमच्या साधारण पंचविसाव्या हिश्श्याइतकीच वाहते, म्हणजे पकड नावालाच. तांब्याला मस्त चालतं.

ड्रमजवळ पाना, ब्लेड, मोबाईल काही नेऊ नका. आमचा एक दहा-अकराचा पाना कव्हरला असा बसला की दोघांनी ओढून काढला, आणि पेसमेकरवाल्या माणसाला तर त्या बाजूला फिरकूच देत नाही. कव्हरला चिकटलेला लोखंडाचा चुरा रोज पुसावा लागतो, नाहीतर तोच पट्टीवर पडणार आणि परत ओरखडे.

आणि अगदी अरुंद पट्टीला पकड कमी पडते, त्या भोवऱ्याला फिरायला रुंदी तर पाहिजे ना. म्हणून फेल्टच्या जुन्या फळ्या टाकल्या नाहीत, 15 एमएमची ऑर्डर आली की भाई मागच्या रॅकवरून त्याच काढतात, फक्त आता दर कॉइलला फेल्ट बदलायचं असं ठरवलंय.