मस्कतच्या उकाड्यात वर्गावर घालायला इचलकरंजीचं सुती कापड: माझा अनुभव

सध्या सुट्टीला कोल्हापूरला आलेय आणि पुढच्या वर्षाचे कुर्ते शिवायला टाकलेत, तर म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं, कारण आखातात शिकवायला निघालेल्या ओळखीतल्या मुली सारख्या विचारतात की कपडे काय न्यायचे. मी मस्कतला एका भारतीय शाळेत गणित शिकवते आणि वर्गावर घालायचे जवळपास सगळे कपडे इचलकरंजीच्या सुती कापडाचे, कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारातून घेतलेले आणि इथंच शिवलेले आहेत. मला हे कापड मनापासून आवडतं, पण सगळंच नाही आणि कसंही शिवलेलं तर अजिबात नाही.

आधी तिथला उन्हाळा समजून घ्या. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीजवळ गेला तरी संध्याकाळी वारं सुटतंय, मधेच वळीव पडतो, रात्री पंख्यावर झोप लागते. मस्कतला मे-जूनमध्ये दिवसा ४० च्या वर असतंच पण रात्रीही पारा तिशीच्या खाली यायचं नाव घेत नाही, आणि त्यात समुद्राची दमट हवा. सकाळी एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ धरते, काही सेकंद समोरचं दिसत नाही. गच्चीवरची टाकी एवढी तापते की गार पाण्याच्या नळाला चटका देणारं पाणी येतं, मग आम्ही उन्हाळाभर गिझर बंद ठेवतो आणि त्यात साठून घरातल्या गारव्यात निवलेलं पाणी अंघोळीला घेतो. हे नवीन आलेल्या माणसाला कुणीतरी सांगितल्याशिवाय सुचत नाही, म्हणून इथं लिहून ठेवलं. जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करायला तिथं सरकारची बंदी असते, यावरून काय ते समजा. शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात, तेवढे दिवस डोकं दुखतंय, भूक लागत नाही, आणि तरी सकाळी सातला शाळेत उभं राहायचं असतं.

पण कपड्यांच्या बाबतीत खरा त्रास नुसत्या उन्हाचा नाही. बसच्या गेटवर ड्यूटी, मग मैदानावरून वर्गात, आणि वर्गात एसी असा की मुलं स्वेटर घालून बसतात. म्हणजे घामानं ओला झालेला कपडा अंगावर घेऊन तुम्ही एकदम गारठ्यात जाता, परत मधल्या सुट्टीत बाहेर, परत आत, दिवसभर हेच. त्यामुळं "पातळात पातळ कापड न्या" हा जो सल्ला सगळे देतात तो मला पटत नाही.

मलमल घ्या, हातात धरलं की वाटतं यापेक्षा हलकं काय असणार, पण एकतर आरपार दिसतं म्हणून अस्तर लावावं लागतं, आणि अस्तर लावलं की दोन थर झाले, मग मलमलचा उपयोग काय राहिला. घरी घालायला उत्तम, वर्गावर नको. आपण ब्लाऊजला घेतो ते टू बाय टू त्याहून बरं, दुहेरी पिळाच्या सुतामुळं टिकतं आणि अंगावर मऊ पडतं, पण फिक्या रंगात तेही थोडं पारदर्शक वाटतं. माझी पसंती केंब्रिकला. विण घट्ट आहे पण जड नाही, अस्तर लागत नाही, घाम ओढून घेतं आणि एसीत गेल्यावर पाठीला बर्फासारखं चिकटत नाही. पॉपलिनही चालतं, फक्त थोडं ताठ राहतं.

आणि कापड शुद्ध सुती आहे ना ते बघूनच घ्या. कापूस हवेतली साधारण ८ टक्के ओल स्वतःत धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही, म्हणून पॉलिस्टरमध्ये घाम अंगावरच राहतो. एका मोठ्या दुकानात मला "प्युअर कॉटन मॅडम, गॅरंटी" म्हणून मिक्स कापड दाखवलं होतं. कडेचे दोन धागे ओढून काडी लावली तर टोकाला काळा कडक मणी झाला. सुती धागा कागदासारखा जळतो, बोटांत चोळला की मऊ राख होते, मणी धरला की समजायचं भेसळ आहे. गांधीनगरातले जुने व्यापारी ही परीक्षा करायला कधी नाही म्हणत नाहीत, उलट स्वतःच काडीपेटी पुढं करतात, आणि म्हणून मी तिथूनच घेते. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी आणला, तेव्हापासून हे गाव कापडावर जगतंय, आणि एवढं चांगलं सूत घरापासून तासाभरावर विणलं जात असताना मस्कतच्या मॉलमधून तयार कुर्ते घ्यायला मला तरी जीव होत नाही. पैशांचं म्हणाल तर शिलाई धरून तिथल्या एका कुर्त्यात इथं दोन होतात.

शिलाई राजारामपुरीतल्या एका मावशींकडं. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं मशीन आहे, पाटी नाही, पण हात फार चांगला. पहिल्यांदा त्यांनी नेहमीसारखं कमरेत फिटिंग धरलं होतं, मी त्यांना ओमानी पुरुषांच्या डिशडाशाचा फोटो दाखवला, घोट्यापर्यंत लांब, पूर्ण बाह्या, पण अंगाला कुठंच चिकटत नाही, आतून हवा खेळते. त्या म्हणाल्या, "मग बाई, काखेत वेगळा तुकडा जोडते, हात फळ्यावर वर गेला तरी ओढणार नाही." तोच तुकडा माझ्या सगळ्या कुर्त्यांचा जीव आहे. बाह्या पूर्ण ठेवा, ऊन थेट कातडीवर येत नाही आणि तिथल्या रीतीलाही ते बरं दिसतं. मनगटाशी मात्र सैल काज-बटण, दुमडता येईल असं, नाहीतर व्हाइटबोर्डच्या मार्करची शाई काठाला लागते आणि ती निघत नाही.

आता तक्रारी. सुती कापड आटतं, त्यामुळं कापायच्या आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या, मावशी स्वतः तसं सांगतात पण सगळे टेलर सांगत नाहीत. इस्त्रीला दुसरा पर्याय नाही, गुरुवारी संध्याकाळी माझी दोरी भरलेली असते आणि शुक्रवार-शनिवारच्या सुट्टीतला एक मोठा भाग इस्त्रीत जातो. तिथल्या उन्हात कपडे अर्ध्या तासात वाळतात खरं, पण रंगही तेवढ्याच वेगानं उडतो, गडद निळा एका टर्ममध्ये फिका पडला, म्हणून उलटे करून सावलीत वाळवा. गडद रंगावर घाम वाळला की पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटतात, करड्या रंगावर ओला डाग लांबून दिसतो, सगळ्यात चांगला फिक्या कापडावर बारीक छापा. आणि आई कितीही म्हणाली तरी खळ घालून नेऊ नका, इथं ती कडक घडी छान दिसते पण खळीनं विणीतली भोकं बुजतात आणि दमट हवेत कापड चिकट होतं.

ज्यांना इस्त्रीचा अगदीच कंटाळा आहे त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये. बाकी सगळ्यांना मी हेच सांगेन, आणि साड्या नेसणाऱ्यांनी निदान ब्लाऊज तरी टू बाय टूचेच शिवून न्यावेत, तयार मिळणारे ब्लाऊज तिथं दोन तासिकासुद्धा सहन होत नाहीत.

वेळेचं बघून या मात्र. लग्नसराईत मे महिन्यात मावशी नवीन काम घेतच नाहीत. मस्कतच्या आपल्या भारतीय शाळांना सुट्टी लागते जून-जुलैमध्ये, तेव्हा त्यांच्याकडं जागा असते, पण कोल्हापुरात पाऊस सुरू झालेला असतो आणि भिजवलेलं कापड दोन-दोन दिवस वाळत नाही, त्यामुळं आल्या आल्या पहिल्या आठवड्यातच गांधीनगर गाठा.