ग्राफिक्स कार्ड बिघडलं: साफ करावं, दुरुस्तीला द्यावं की बदलावं?

खेळता खेळता स्क्रीन काळी झाली किंवा रंगीत चौकटी नाचायला लागल्या की दुकानात पटकन सांगतात, "कार्ड गेलं." पैसे काढण्याआधी एक गोष्ट नीट बघा: बिघाड नेमका केव्हा दिसतो? पीसी चालू करताच मदरबोर्डच्या लोगोवर, बायोसमध्येच रेघोट्या दिसत असतील आणि केबल, मॉनिटर बदलूनही त्या जात नसतील, तर ड्रायव्हरचा, म्हणजे विंडोजमधून कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचा, संबंध नाही. दोष बहुतेक चिपमध्ये किंवा कार्डाच्या मेमरीत असतो. तिथवर सगळं स्वच्छ आणि गडबड विंडोज आल्यावरच होत असेल, तर घरचे उपाय आधी करा.

माझ्या आतेभावाचं जीटीएक्स १०६० कार्ड दर पंधरा मिनिटांनी गेम बंद पाडायचं. तापमान नव्वदीला टेकलेलं. कूलर उघडला तर चिपची उष्णता कूलरकडे नेणारी पेस्ट सुकून खडूसारखी झालेली, नखाने खरवडली की भुगा. पंख्यांमागच्या पट्ट्यांत धूळ बसून तिचं जाजम झालेलं. साफ केलं, नवी पेस्ट लावली, तापमान सत्तरीत आलं. खर्च काहीशे रुपये. मात्र मेमरीवरचे थर्मल पॅड (उष्णता वाहून नेणाऱ्या मऊ पट्ट्या) फाटले तर त्याच जाडीचे आणा. जास्त जाड पॅड बसवले की कूलर चिपला नीट टेकत नाही आणि तापमान उलट वाढतं. आणि कार्ड वॉरंटीत असेल तर स्क्रूला हातही लावू नका, थेट क्लेम करा.

कूलर उघडण्याआधी विंडोजच्या सेफ मोडमध्ये डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर) या प्रोग्रामने ड्रायव्हर पूर्ण काढून नव्याने टाका, कार्ड स्लॉटमधून काढून पुन्हा घट्ट बसवा, पॉवरची केबल तपासा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या केबलमधून ७५, ८ पिनच्या केबलमधून १५०. लोड आला, म्हणजे गेमसारखं जड काम सुरू झालं, की पीसी थेट रीस्टार्ट होत असेल, तर मला आधी पॉवर सप्लायचा संशय येतो.

दुकानातली दुरुस्ती दोन प्रकारची असते आणि त्यांत फरक करायलाच हवा. पंखा, तुटलेला एचडीएमआय पोर्ट, कार्डावरचा शॉर्ट झालेला कपॅसिटर किंवा मॉसफेट यांसारखा छोटा भाग: ही कामं जरूर करून घ्या, चांगला कारागीर ती टिकाऊ करतो. पण "चिप गरम करून देतो" म्हणाले तर कार्ड उचलून परत या. तुटलेले जोड उष्णतेने तात्पुरते जुळतात, इतकंच. एका मित्राने असं करून घेतलं. दोन महिन्यांत त्याच रेघोट्या परत आल्या आणि पैसेही बुडाले.

जुनं कार्ड स्वस्त पडतं, पण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचं ग्राफिक्स कार्डांवरचं मायनिंग थांबल्यावर महिनोन्‌महिने रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डं बाजारात आली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ओळखीतून, समोर अर्धा तास लोड टाकून दाखवायला सांगा. नुसता डेस्कटॉप दिसला म्हणून पैसे देऊ नका.

नव्या कार्डाला १८ टक्के जीएसटी पडतो, पण पक्कं बिल आणि बहुतेक ब्रँडची ३ वर्षांची वॉरंटी मिळते. १०६० सारख्या एनव्हिडियाच्या पास्कल पिढीच्या कार्डांना ऑक्टोबर २०२५ नंतर नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर येत नाहीत, फक्त ऑक्टोबर २०२८ पर्यंत सुरक्षेचे अपडेट. म्हणून अशा कार्डाच्या चिपवर मी एक रुपयाही घालणार नाही. पेस्ट आणि पंख्यावर मात्र आनंदाने घालेन, कारण ऑफिसकाम आणि जुन्या गेमना ते अजून पुरून उरतं.

एवढं सगळं करूनही खात्री पटत नसेल, तर कार्ड मित्राच्या पीसीत लावून बघा. कार्डाशिवाय स्वतःचा पीसी तपासणार असाल तर एक लक्षात ठेवा: तुमचा प्रोसेसर इंटेलचा, नावाच्या शेवटी एफ असलेला असेल तर त्यात स्वतःचं ग्राफिक्सच नसतं. कार्ड काढून मदरबोर्डला केबल लावलीत तर स्क्रीन काळीच राहील आणि चांगल्या मदरबोर्डवर उगाच आळ येईल.