बॉबकॅटच्या चाकाचं काम: बेअरिंग चोख, सीलकडे काणाडोळा

स्किड स्टिअर लोडर, म्हणजे आपल्याकडे सरसकट ज्याला बॉबकॅट म्हणतात ते मशीन. त्याच्या चाकांची बेअरिंग आणि सील (ऑइल अडवणारी रबरी ओठाची कडी) बदलून देणारं हे जालना एमआयडीसीतलं वर्कशॉप. गिऱ्हाईक मुख्यतः जिनिंगवाले आणि रोलिंग मिलवाले. तक्रारही बहुतेक एकच: रिमच्या आतून ऑइल ओघळतंय.

तपासणी इथे नीट होते. चाक जमिनीपासून उचलून टायरखाली पहार घालतात आणि वरखाली हलवतात. प्ले, म्हणजे ढिलेपणा, जाणवला तर बेअरिंग गेलं. जाणवला नाही आणि तरी ऑइल गळतंय तर फक्त सील. सरळ खोलायला घेत नाहीत, हे आवडलं.

कामाचा क्रमही बरोबर. मशीन ठोकळ्यांवर, केबिन उचलून लॉक, चेनकेसचं (चाकं फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीचं) ऑइल खाली, झाकण उघडून स्प्रॉकेटचा (साखळीच्या दातेरी चक्राचा) बोल्ट सोडला की अ‍ॅक्सल बाहेरच्या बाजूने निघतो. एका अ‍ॅक्सलला दोन टेपर बेअरिंग, एक स्प्रॉकेटकडे, एक हबकडे, म्हणजे चाक बसतं त्या टोकाला. जुन्या कपात (बाहेरच्या कडीत) नवा कोन (रोलरसकट आतली कडी) बसवायचा उद्योग इथे करत नाहीत, जोडीच बदलतात. नवा कोन ऑइलमध्ये ११० अंशांपर्यंत तापवून अलगद सरकवतात. गॅसच्या ज्योतीने तापवलेलं बेअरिंग निळं पडतं, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं आणि ते हंगामही काढत नाही.

बेअरिंगचा नंबर मात्र स्वतः वाचून घ्या. ३०२१० आणि ३२२१० दोन्ही आतून ५० आणि बाहेरून ९० मिलिमीटर, पण पहिल्याची रुंदी २१.७५, दुसऱ्याची २४.७५. हातात घेतल्यावर फरक चटकन कळत नाही. बसवल्यावर तीन मिलिमीटरने सगळा प्रीलोड (बेअरिंग आवळून दिलेला ठरावीक दाब) बिघडतो. बिलावर इथे नुसतं ‘बेअरिंग सेट’ लिहितात. नंबर लिहून मागा.

आता सील. गोम इथेच आहे. बॉबकॅट चाकं वळवून वळत नाही, घासटून वळतो, त्यामुळे अ‍ॅक्सलवर आडवा भार सतत. त्यात जिनिंगच्या आवारात रुई, सुतळी, गाठीची तार चाकामागे गुंडाळली जाते, आवळत आवळत सीलच्या ओठात शिरते. रोलिंग मिलमध्ये तेच काम लोखंडाची खपली करते. सीलचा ओठ घासून घासून अ‍ॅक्सलवर चरा पडतो. तिथे नख अडकलं तर नवं सीलही लवकरच गळणार. चऱ्यावर पातळ स्टीलचा स्लीव्ह (नळीसारखं कवच) चढवायला हवा. सील बसतं त्या खोबणीत जागा असेल तर ते दोन मिलिमीटर आतबाहेर बसवून ओठाला कोरी जागा द्यावी. इथला मिस्त्री चरा बघतो, पॉलिश पेपर फिरवतो आणि ‘चालतंय’ म्हणतो. चालत नाही.

सील बसवायची पद्धतही तशीच. हातोडीने एकेका बाजूला ठोकतात, कडा वाकते. सीलच्या बाहेरच्या कडेवर टेकेल असा पाईपचा तुकडा ठेवून सगळीकडून सारखं दाबायला हवं. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे, दोन ओठांच्या मधे ग्रीस. हे न सांगता होत नाही, समोर उभं राहावं लागतं.

चेनकेसचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं तोंड) उघडून साफ करायलाही सांगा. धुळीने तो बुजला की तापलेल्या हवेला वाट राहत नाही आणि दाबाने ऑइल नव्या सीलमधूनच बाहेर येतं. मग दोष सीलच्या कंपनीवर.

प्रीलोडसाठी चेन चढवायच्या आधी हबला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढ मोजतात आणि मॅन्युअलच्या आकड्याशी पडताळतात. आपल्या भागात इतकं करणारे थोडेच. चाकाचे नट पहिल्या आठ-दहा तासांनी पुन्हा आवळायचे असतात, ते मात्र कुणी सांगत नाही. मशीन न्यायचं असेल तर दसऱ्याच्या आधी न्या. कापूस यायला लागला की नंबर लागत नाही.